काचेच्या शेगडीवरची भाकर

४ नोव्हें., मंगळवार
आजपासून गाड्या धुनं बंद, किचनमधी. सायेबांचा आचारी गावी गेला. मला महिनाभर बघनार. जमलं तर कायम, न्हाईतर परत खाली बादली-फडकं. दुबईत सात महिने झाले, पन घरातलं काम पहिल्यांदाच. शेगडी म्हंजे नुसती काळी काच. जाळच न्हाई! बटन दाबलं की खालून गोल लाल व्हतो. मॅडम म्हनल्या, "बंद केल्यावरही काचेवर H दिसतोय तोवर हात लावायचा नाही." म्हनलं खरंच गरम आसंल का. बोट लावून बघितलं. व्हती.

६ नोव्हें., गुरु.
सायेबांचे वडील आप्पा, मूळ कळंबचे. इथलं जेवन त्यांच्या घशाखाली उतरत न्हाई, लई वाळलेत. मी तिकडच्याच राजुरीचा कळल्यावर, "मग बाजरीची भाकर येत आसंल की रं!" आईनं दिलेला खोलगट तवा काढला. काचेवर भवऱ्यावानी डुलला. मधी तापला, कडा गार. भाकर शेकायला जाळ न्हाई म्हनून सरळ लाल काचेवरच टाकली. चिकटली. धूर. अलार्म बोंबलला. मॅ. पळत आल्या. आप्पा ताट बघून: "भाकर हाय का डांबर?"

९ नोव्हें., रवि.
मॅ.नी सपाट बुडाचा तवा दिला. गोल जेवढा, तवा तेवढाच, आन् बूड पुसून कोरडं. चिकटलेलं पीठ काच गार झाल्यावर खरवडायच्या पातीनं निघालं. काच लवकर निवत न्हाई, म्हनून वरन शिजायच्या पाच मिनटं आधीच बंद करतो. लाईट वाचती. भाकर तव्यावरच फडक्यानं दाबली. फुगली!! आप्पांनी दीड खाल्ली. "आता ठेचा व्हऊ दे, राव."

१० नोव्हें., सोम.
मिरच्या, लसून भाजून शेगडीवरच्या तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडल्या. घरी रगडत्यात तशा, दनादना. टक्.
काचेला बोटभर चीर.
आधी भिंतीवरचं बटन बंद केलं, मग घाम फुटला. मॅ. बाहेर गेलेल्या. आप्पा म्हनले, "माझं नाव सांग. मला कोन काढतंय घरातनं?" दोघंबी हसलो. मग माझं हसू थांबलं.
मॅ. आल्यावर मीच सांगितलं. "भाजलं नाही ना कुठं?" एवढंच. आन् "चीर गेलेल्या काचेवर काही ठेवू नकोस. बाकी साहेब बघतील."

१४ नोव्हें., शुक्र.
आज नवी काच बसली. चार दिवस बाहेरचे डबे. आप्पा झाकन उघडत्यात, बघत्यात, परत लावत्यात. सायेबांचा निकाल आजून बाकी. खाली गाड्यांवर दुसरा मानूस लागलाय. म्हंजे हितनं काढलं तर...

१६ नोव्हें., रवि.
सकाळीच आप्पांनी सायेबांना सांगून टाकलं, "ठेचा मीच मागितला व्हता, त्या पोराला काय बोलू नगं." सायेब किचनमधी आले. "ठेचा केला तर रगडणार कुठं?"
"तवा खाली उतरवून, ओट्यावर. खाली जाड फडकं."
"करून दाखव."
केला. सायेब जेवले. हसले न्हाईत, ठेवतो म्हनले न्हाईत, जा बी म्हनले न्हाईत. पन ठेचा दोनदा वाढून घेतला.