सहावा लागला, पण सहा भरले नाहीत

सूनबाई,

कालपासून तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी वाढलेलं ताट तसंच ठेवलंस आणि बाळाला घेऊन आतल्या खोलीत बसलीस. मी काय या घरात पाहुणी आहे?

मी थोरल्या लेकीकडे जातेय. आपल्या ठोंब्या बाळाला सहा महिने भरेपर्यंत येणार नाही.

वरचं खाणं कधी द्यायचं म्हणून नर्सबाईनं बाळाच्या कार्डावर लिहिलेला सहाचा आकडा मला कळला. पुढचं तिचं गिचमिड अक्षरातलं 'पूर्ण' वाचता आलं नाही आणि तुला विचारायची लाज वाटली. सहावा लागला म्हणजे झालं, असं धरून मी केळं भरवलं. घास अडकला, ओठ निळे पडले. तू पालथा धरून पाठीत थापट्या दिल्यास म्हणून पोर वाचलं.

आता नर्सबाईला नीट विचारून घेतलंय. बारा तारखेला सहा भरतील. टेकून बसायला लागला, जिभेनं चमचा बाहेर ढकलेनासा झाला, की मगच सुरू कर. गाजर उकडून अगदी मऊ कुस्कर. पहिल्यांदा एक-दोन चमचेच दे, आणि दोन-तीन दिवस एकच जिन्नस. अंगावरचं दूध मात्र तोडू नकोस. वर्षाच्या आत कोणी मध चाटवायला आलं तर हात धर, माझासुद्धा.

शेजारणीसमोर मी म्हणाले होते, हिच्या दुधानं पोराचं पोट भरत नाही. ते केळ्याहून वाईट झालं.

चिठ्ठी तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवतेय. तू वाचणार नाहीस, म्हणून इथूनच मोठ्यानं सांगते: "सूनबाई, पोरानं बाळसं धरलंय ते तुझ्याच दुधावर. चुकले ती मी."