तीस भाकितं आणि एक नाणं

८ जानेवारी, रात्री
कॉलेजच्या खुर्च्यांना लिहायची फळी उजव्या हाताला. मी डावरी. दीड तास मान वळवून बसले, दुकानातल्या पुतळ्यासारखी. आता शेक घेतेय. असो. नमस्कार, वही. उशिरा म्हणतेय, पण मान आधी.

तर. नात, म्हणजे आमची बारकी, स्टॅटिस्टिक्समध्ये दोनदा नापास. बियाणं तपासायच्या लॅबमध्ये टेंपररी आहे. तिसऱ्यांदा गचकली तर डिग्री नाही, आणि डिग्री नाही तर मेमध्ये घरी. पोरीला आधार हवा. संध्याकाळच्या वर्गात साठीपुढच्यांना काही अट नाही म्हणे. घातलं मी नाव, तिच्या शेजारीच. बारकी ऐकून थेट गच्चीवर निघून गेली. आनंदाने असणार.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण अंदाज बांधण्यात माझा हात कोण धरणार? रोज भाकीत लिहीन, नंबर घालून. भाकीत १: मास्तर कोवळा आहे. पंधरा दिवसांत पळेल.

११ जानेवारी
सरासरी शिकले. मी बहात्तर, बारकी बावीस, सरासरी सत्तेचाळीस. एका फटक्यात पंचवीस वर्षं उतरली. विषय चांगला आहे.
भाकीत ४: सुनेचं नवं वॉशिंग मशीन महिनाभरात बंद पडेल.

२५ जानेवारी
मास्तर अजून आहे. दुसरीकडे कोणी घेत नसेल बिचाऱ्याला.

आज नाणं उडवलं. लागोपाठ पाच वेळा छापा. मी उभी राहून सांगितलं, आता काटा, नाण्याला काही लाज असेल तर. आला छापा. मास्तर म्हणाला, आजी, नाण्याला मागचं काही आठवत नसतं. मी म्हटलं, आमच्या सुनेलाही गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही, तिच्यावर कोणी धडा लिहिला नाही. वर्ग खो खो हसला. बारकीने मात्र कपाळ फळीवर टेकलं होतं. झोप कमी पडते तिला.

८ फेब्रुवारी
बारकीने सरावासाठी ओल्या टिपकागदावर शंभर बिया मांडल्या. भाकीत १३: नव्वद उगवतील. बिया बघूनच कळतं.

१५ फेब्रुवारी
एकसष्ट. कागद वाईट.
चाचणीत वीसपैकी दोन. भाकीत होतं, वर्गात पहिली येईन. खालून मोजा, पहिलीच आहे. कुठून मोजायचं ते मी लिहिलं नव्हतं.
वॉशिंग मशीन चालू आहे. मुद्दाम.

१ मार्च
माझ्या वहीच्या समासात पेन्सिलीच्या खुणा! बरोबरच्या थोड्या, फुल्या ढीगभर. सुनेला फैलावर घेतलं. ती म्हणाली, सासूबाई, तुमचं अक्षर तुम्हाला तरी लागतं का? बारकीला विचारलं तर तिला खोकला आला. घसा जपायला हवा. पेन्सिल उमटते का बघायला कोणीतरी केल्या असणार खुणा. एवढ्या फुल्या काढून बघायची काय गरज होती?

२० मार्च
प्रोजेक्ट. तीस घरांत जाऊन विचारायचं, किती तास झोपता. तीस घरांचे जिने चढायला गुडघे काय भाड्याने आणू? शितावरून भाताची परीक्षा होते, एवढं मला चौथीतही ठाऊक होतं. एक शीत दाबलं. माझंच. पाच तास. चहा निवायच्या आत तीसही फॉर्म भरून मोकळी.

बारकी पंधरा दिवस तिच्या प्रोजेक्टला चिकटलीय. विषय सांगत नाही. घरातलंच मोजतेय म्हणते, तीस नग हवेत, अजून तीन बाकी आहेत. भाकीत २७: चमचे मोजतेय.

२७ मार्च
मास्तरने माझा प्रोजेक्ट दोनदा वाचला. स्टँडर्ड डेव्हिएशन शून्य! म्हणजे तीस घरांच्या उत्तरांत केसाचाही फरक नाही. म्हणाला, असं पहिल्यांदाच बघतोय. विक्रमच झाला म्हणायचा. मार्क काही सांगितले नाहीत. भारावला होता.

१२ एप्रिल, संध्याकाळी
उद्या पेपर. बारकी पुस्तकावर डोकं ठेवून रडली. लॅबमधल्या जागेवर दुसऱ्या कोणाचं नाव लागलेलं डोळ्यांसमोर येतं म्हणाली. मी धीर द्यायला तोंड उघडलं तर हात जोडून म्हणते, आजी, आज तू काही बोलू नकोस.

मग वहीलाच सांगते. भाकीत ३९: मी पास. भाकीत ४०: बारकी नापास. लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं, पण अंदाज तो अंदाज. तिथे नातंगोतं बघून चालत नाही. वही उशीखाली ठेवते.

१३ एप्रिल, सकाळी ७
वही टेबलावर कशी? आणि बारकी शिट्टी वाजवतेय. दोनदा मागून खाल्लं. ताणाने डोकं फिरलं पोरीचं.

१३ एप्रिल, दुपारी
एक उत्तर तोंडपाठ केलं होतं. तो प्रश्नच आला नाही. मी उत्तर लिहून आले. विचारायची अक्कल त्यांना हवी होती.

२९ एप्रिल
निकाल. मी, शंभरात एकोणीस. बारकी, चौसष्ट. पास! प्रोजेक्टला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क तिला.

मास्तरने तो प्रोजेक्ट हातात दिला. वर लिहिलेलं: 'घरातल्या एका व्यक्तीची तीस भाकितं आणि एक नाणं'. प्रत्येक भाकिताला उडवलेलं नाणं सोळा वेळा बरोबर. ती व्यक्ती सात वेळा. शेवटी निष्कर्ष: ह्या व्यक्तीने सांगितल्याच्या उलट धरून चालल्यास तीसपैकी तेवीस वेळा बरोबर. मास्तर म्हणाला, आजी, इतकं नेमाने चुकणं नाण्याच्या बापालाही जमणार नाही. मी आभार मानले. घरी येऊन खुर्चीत बसल्यावर वाक्य पुन्हा वाचलं, तेव्हा आभार परत घ्यावेसे वाटले.

निष्कर्ष सुनेने फ्रिजवर लावलाय. लोहचुंबकं दोन, म्हणजे पडायला नको.

बारकीला म्हटलं, चोरटे, माझी वही वाचतेस? म्हणाली, वाचते. पेपरच्या आदल्या रात्री चाळीस नंबर वाचला आणि महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपले.

मी उठून कपडे वाळत घालायला गेले. मशीन अजून चालू आहे.

३ मे
लॅबवाले सोमवारी सांगणार, पक्की करायची की नाही. पास झाली म्हणून लगेच घेतीलच असं नाही म्हणे, जागा एक आणि पोरं चार. बारकी नखं खातेय. दोनदा माझ्या खोलीत डोकावली, वहीकडे बघून गेली. चार दिवस मी वही उघडलीच नव्हती.

आता चष्मा पुसून, सुनेलाही लागेल अशा अक्षरात लिहिते. भाकीत ४१: ठेवून घेणार नाहीत. अजिबात नाही. त्रिवार नाही.

वही उशीखाली नाही, टेबलावरच राहील. आणि सोमवारी निकाल सुनेने सांगायचा नाही, मास्तरने फोन करायचा नाही. बारकीनेच लिहायचा, इथे समासात, आणि पेनाने. पेन्सिलीची फुली मी मानणार नाही.