घरटी एक लाकूड

६ नोव्हेंबर
पुण्याच्या त्या कंपनीचा माणूस आज घरी येऊन गेला. आपल्या अंत्यविधीचे पैसे आधीच भरून ठेवायचे, मागच्यांना त्रास नको. मध्ये दिवाळीच्या उरलेल्या चकल्यांचा डबा, त्यावर फॉर्म. एक रकाना 'लाभार्थीचे नाव'. लाभ कसला, विचारलं तर बिचारा लाजला. मधल्या पॅकेजात शववाहिका, गुरुजी, हार, सगळं सामान, आणि 'खांदेकरी ४'.
"खांदेकरी म्हणजे?"
"आपले ट्रेन्ड लोक असतात, मॅडम. युनिफॉर्ममध्ये."
तो गेल्यावर वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "वन्सं, मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठी. रांग मोडायची नाही." एरवी मी कुमुद. चिडली की वन्सं.

९ नोव्हेंबर
चेक दिला. मोकळं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.
दादा जाऊन या महिन्यात अकरा वर्षं. या तळेगावच्या फ्लॅटमध्ये मी आणि वहिनी दोघीच. तिची मुग्धा कॅनडात. माझं तर लग्नच नाही. तेव्हा सोय करायलाच हवी होती, चुकलं काही नाही. पण ते 'खांदेकरी ४' डोक्यातून जात नाही. त्र्याहत्तर वर्षं माणसांत काढून शेवटी भाड्याचे खांदे. खुपतं. इथे लिहिते, व.ला सांगणार नाही.

१२ नोव्हेंबर
ठरलं. अंत्यविधी वडिवळ्याला. धरणाखाली, नदीकाठी. एकोणीस वर्षं तिथल्या शाळेत शिकवण्यात काढली. हातून जे काही बरं झालं असेल ते तिथेच.
कंपनीला फोन. "गाडी जाईल, मॅडम, पण तिथे लाकडांचं तुमचं तुम्हाला बघावं लागेल."
व.: "इथे बटण दाबलं की काम होतं. तुला मेल्यावरही धरणावर सहल हवी!"

१६ नोव्हेंबर
वाईट दिवस. झालं तसं लिहिते.
कामशेतपर्यंत लोकल, पुढे टमटम. किसनकडे गेले. चौथीत दोनदा बसलेला किसन आता पन्नाशीचा, वरच्या वस्तीवर स्वतःची भातशेती. झोडणी चालली होती. काम टाकून आला, चहा सांगितला. मी पैशांचं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं.
"ह्ये काय, बाई?"
"लाकडांचे. तू घेऊन ठेव, पावसाळ्यात भिजणार नाहीत अशी."
"कुनासाठी?"
"माझ्यासाठी रे. आत्ता नाही, पुढे."
त्याचा चेहरा उतरला. पाकीट घोंगडीवर ठेवलं. "भात झोडायचं ऱ्हायलंय," म्हणाला आणि उठून गेला. चहा मी एकटीने प्यायला.
मग ठकूमावशीकडे. नोकरीची पहिली चार वर्षं तिच्याच पडवीतल्या खोलीत राहिले. आता नव्वदीची, पण जीभ जागेवर. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.
"आगं पोरी, हितं सराण कोन इकत घेतं का? मयत झालं की घरटी एक लाकूड येतं. आपल्या घरातलं. बाजारातलं न्हाई चालत. तू त्येला पैसं दावलंस, म्हंजी तूच म्हनालीस का मी परकी."
"मग माझ्यासाठी आणतील का गं कोणी?"
"तू कुनाच्या मयताला आनलंस का कदी?"
एकोणीस वर्षांत गावात किती माणसं गेली. प्रत्येक वेळी शाळा लवकर सोडली, भेटायला गेले, बायकांजवळ बसले. लाकूड कधी नेलं नाही. नेतात हेच माहीत नव्हतं, कारण कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली.
मावशीला माझी दया आली असावी. "आजून टाइम हाय. मी हाय की. माज्याला आन," आणि बोळकं पसरून हसली.

१९ नोव्हेंबर
किसन फोन उचलत नाही. तीनदा केला.

२३ नोव्हेंबर
घरात लाकूड शोधलं. सगळं प्लायवूड, नाहीतर स्टील. लाटणं आहे, पण लाटण्याने काय होणार. शेवटी माळ्यावर दोन सागवानी पाट सापडले. आम्हा दोघींचे गुडघे गेल्यापासून ते वरच आहेत.
व.: "हात लावायचा नाही, वन्सं. माझ्या लग्नातले आहेत."
मी म्हटलं, बसतं का कोणी त्यांच्यावर? ती म्हणाली, म्हणून काय जाळायचे? दुपारच्या चहापर्यंत अबोला. मग तिनेच आलं घालून चहा केला. आलं मला आवडतं, तिला नाही. पण पाट वरच राहिले.

३ डिसेंबर
दारात किसन! खांद्यावर नव्या इंद्रायणी तांदळाचं पोतं, तीन मजले चढून. लिफ्ट आहे हे त्याला सांगितलंच नव्हतं कुणी.
"रागावलो न्हवतो, बाई. लय वाईट वाटलं. चौथीत तुमच्या डब्यातली निम्मी भाकर मी खायचो. त्येचं पैसं कदी मागितलंत का?"
मी माफी मागितली. नीट जमली नाही. पोरांना पन्नासदा मागायला लावली, स्वतःवर वेळ आली तर शब्द सापडेनात.
मग विचारलंच. गाव माझं घर आपल्यात धरेल का?
"मी एकटा कसा सांगू? त्ये गावानं ठरवायचं."
व.ने त्याला आग्रह करकरून जेवू घातलं. सहा पोळ्या खाल्ल्या. आमच्या घरात सहा पोळ्या खाणारा माणूस किती दिवसांनी. फार बरं वाटलं.

१४ जानेवारी
संक्रांत. किसनच्या फोनवरून ठकूमावशीशी बोलले. आवाज खोल गेलाय, जेवत नाही म्हणे. "लाकूड बगून ठिवलं का?" म्हटलं, मावशी, तिळगूळ घे आणि गोड बोल. "ग्वाडच बोलती की," म्हणाली.

२९ जानेवारी
स. सातला किसनचा फोन. "बाई, ठकूमावशी ग्येली. बाराला उचलनार."
मी पलंगावर बसून रडत होते. माळ्याकडून आवाज आला. जाऊन बघते तर व. स्टुलावर! वय शहात्तर! हातात पाट. वरूनच म्हणाली, "रागवू नकोस, आधी हा धर. पुसून घे, मयताला धूळ नेऊ नये."
निघते. बाकी उद्या.

३० जानेवारी
पाट चादरीत गुंडाळला होता. टमटमवाला म्हणाला, "काय काकू, सत्यनारायण का?" हो म्हटलं. काय सांगणार.
मावशीच्या अंगणात लाकडांचा ढीग. बाभूळ, आंब्याच्या फांद्या, एक मोडका नांगर. त्यावर माझा गुळगुळीत पाट ठेवला. पोरं हसली. बाळूआबा वस्तीतले सगळ्यात जुने, त्यांनी विचारलं, "ह्ये कुन्या घरचं?"
किसनकडे पाहिलं. तो खाली बघत होता. त्याने सांगायचं नव्हतं, मलाच सांगायचं होतं.
"माझ्या घरचं. तळेगावचं."
आबांनी पाट उलटून पाहिला, हात फिरवला. "म्हातारीला बसायला झाला," म्हणाले आणि बाकीच्या लाकडांबरोबर बैलगाडीत ठेवला. बस, एवढंच. माझं घर धरलं का, हे कुणी बोललं नाही.
ओढ्यापर्यंत बायकांबरोबर गेले. पुढे पुरुष. धूर दिसेपर्यंत उभी होते. मावशी, आणलं गं.
निघताना किसन: "धाव्याला या. गाव बसंल, तवा इचारा."

२ फेब्रुवारी
कंपनीला कळवलं, खांदेकरी नकोत. उत्तर: "मॅडम, ते पॅकेजमधून वजा होत नाहीत." असू देत. एका बाजूला उभे राहतील.

७ फेब्रुवारी
आज दहावा. स. लवकर उठले. काल किसनला फोन करून विचारणार होते, गावाचं काय मत दिसतंय. केला नाही. भीती वाटली, खरं तेच लिहिते. नाही म्हणाले तर?
चहा पिताना व. म्हणाली, "घरटी एक म्हणजे आपल्या दोघींचं मिळून एकच घर ना?"
"हो."
"मग विचारशील तेव्हा दोघींचं विचार."
तिने विषय बदलला, दूध उतू चाललंय म्हणाली. चाललं नव्हतं.
चपला घालायला गेले तर कपाटाला टेकवून दुसरा पाट उभा. धुऊन वाळवलेला.
"हा कशाला काढलास?"
"जिचा नंबर लागेल तिच्यासाठी. दर वेळी स्टुलावर कोण चढणार?"
नऊची लोकल आहे. वहीत हे लिहितेय आणि ती पर्स घेऊन दारात उभी आहे. तीही येतेय.