पाड्याची वीज, काकांचा माळ

१२ मार्च
आजही नाचणी तशीच परत आणली. पलीकडच्या काठाच्या गिरणीत लाईट नाही. जाताना होडी, येताना होडी, डोक्यावर तेच गाठोडं. सासूबाईंनी जातं पुसायला घेतलं. दोघींनी दळलं. माझी अंगणवाडीची रजिस्टरं भरायची राहिली.

१५ मार्च
जव्हारच्या संस्थेतल्या कल्पना मॅडम आल्या. तीन बाजूंना धरणाचं पाणी, चौथीकडे ओढा. म्हणाल्या, "पावसात तुमचं बेटच होत असेल." होतंच. गेल्या पावसाळ्यात जंगलात तार तुटली, वायरमन ओढ्यापाशी येऊन परत गेला. लाईट आली दिवाळीच्या तोंडावर.
त्यांचं म्हणणं, उन्हावरची वीज इथेच करा. पॅनल, बॅटऱ्या, घरोघरी वायर. चालवायची पाड्याच्या समितीने, दुरुस्तीही आपल्यातल्याच दोघांना शिकवायची. पुरुष टीव्हीचं विचारत होते. मी विचारलं, त्यावर इथे गिरणी चालेल का? "दिवसा चालेल." मागे बसलेल्या बायका सरकून पुढे आल्या.

१६ मार्च
पॅनलसाठी जागा एकच निघाली. लक्ष्मणकाकांचा माळ. बाकी सगळा उतार, नाहीतर झाडं. काका म्हणजे ह्यांचे चुलते. नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही.

२० मार्च
ह्यांना म्हटलं, चला काकांकडे. म्हणे तूच जा, तुझं ऐकतील.
काकांनी पेटीतून कागद काढला. धरणात जमिनी गेल्या तेव्हाचा, सरकारी, घड्यांवर फाटलेला. "वाच." वाचला. पाड्यास रस्ता व वीज देण्यात येईल.
"रस्ता आला?"
"नाही."
"लाईट आली ती तालुक्याला खेपा घालून. आता हे उन्हाचं घेतलं का साहेब म्हणतील, यांना मिळाली वीज. मग तार पडली तर कोण येल जोडाया?"
"आत्ता तरी कोण येतं, काका?"
बोलून गेले. नको होतं. काका कागदाची घडी घालत बसले. काकूंनी कोरा चहा दिला तो तसाच घाईत प्यायले, जीभ भाजली.

२१ मार्च
काकांचं चुकत नाही, त्याचाच त्रास होतोय.
पण गेल्या श्रावणात सुमनला कळा सुरू झाल्या तेव्हा पाड्यात एकाही फोनला चार्जिंग नव्हतं. होडी बोलवायची कशी? बाळंतपण इथेच झालं. मायलेकी दोघी नीट आहेत. सुमन काकांचीच सून. त्या दिवशी काका पाण्याच्या काठाला उभे राहून हाका मारत होते. ह्याची त्यांना आठवण करून द्यावी का? नको.

२ एप्रिल
ग्रामसभा. ठरावात मी एक ओळ घालून घेतली : सौर वीज घेतली तरी तारेच्या विजेवरचा पाड्याचा हक्क कायम राहील. ग्रामसेवकांनी आधी कुरकुर केली, मग लिहिली.
काका शेवटी उठले. "ठराव आपला, सह्या आपल्या. सरकारची सही कुठं हाय?"
मग कल्पना मॅडम म्हणाल्या, "ती माझ्या हातात नाही, काका. मी आणून देते असं खोटं सांगणार नाही."
सभा संपल्यावर काका त्यांना घरी जेवायला घेऊन गेले. पण माळाचं काही बोलले नाहीत म्हणे.

१७ एप्रिल
मोखाड्याला वीज ऑफिसात अर्ज दिला, तारेच्या विजेचा हक्क राहील असं लिहून द्या म्हणून. सोबत ठराव आणि काकांच्या कागदाची झेरॉक्स. काका स्वतः आले. कागद दुकानदाराच्या हातात देईनात, शेवटी त्यांनीच मशीनवर ठेवला. ऑफिसात पोच मिळाली. साहेब म्हणाले, कळवू.
जीपमध्ये काका म्हणाले, "मंदा, तुझ्या अक्षरात अर्ज बरा दिसला." एवढंच.

४ मे
उत्तर नाही. मॅडमचा फोन आला. सामान होडीने आणायचं तर पावसाच्या आत. या आठवड्यात जागा नक्की झाली नाही तर यंदाचं राहिलं. काकांना जाऊन सांगितलं. "बरं," म्हणाले. बरं म्हणजे काय, ते विचारायचा धीर झाला नाही.

७ मे
सकाळी माळावर धूर. काका राब भाजत होते. दरवर्षी नाचणीच्या रोपासाठी अख्ख्या माळावर फांद्या, शेण, पाचोळा पसरून पेटवतात. म्हणजे माळ द्यायचा नाही, असंच वाटलं.
वर गेले तर राब अर्ध्याच माळावर. ओढ्याकडची बाजू. वरची, दिवसभर उन्हातली बाजू तशीच मोकळी. झाडून काढलेली.
"काका, ही बाजू राहिली?"
"पाचोळा कमी पडला."
पाचोळ्याचे दोन ढीग बांधाला तसेच पडलेले होते. मी खराट्याने कडेची आग आत लोटायला लागले. काका पलीकडून लोटत होते. काका तोंडाने हो म्हणालेले नाहीत; मॅडमना काय कळवायचं, अजून ठरलेलं नाही.