शिकागोत एक निवांत शनिवार

गुरुवार, ८ मे. सनीव्हेल.
सुवर्णाला शिकागोला जाऊन सात आठवडे झाले. जाताना "थोडे दिवस" म्हणाली होती. सात आठवडे म्हणजे थोडेच. नेत्रा तिची नागपूरच्या कॉलेजपासूनची मैत्रीण, गप्पा रंगल्या असतील. बायकोला स्पेस देणारा नवरा असल्याने मी फार फोन केले नाहीत. आज नेत्राच्या नवऱ्याला, देवदत्तला, सांगितलं की शनिवारी सहज येतोय, एक दिवस निवांत भेटू. तो "बरं" म्हणाला आणि मग त्याने दोनदा विचारलं, याच शनिवारी का. नेटवर्क खराब असावं.
रविवारची परतीची तिकिटं काढली. दोन. तिला सरप्राइज.
ठरलं. दिवसभर एकदम रिलॅक्स राहायचं. परत येण्याचा विषय आपण काढायचा नाही. तीच काढेल.

शुक्रवार, ९ मे.
ऑफिसात लक्ष लागलं नाही. कामच बोअर आहे.
आमचं भांडण झालेलं नाही, हे लिहून ठेवतो. ग्रीन कार्ड आलं तेव्हा ती म्हणाली, आता मला काम करता येईल, नोकरी शोधते. मी म्हटलं, आठ वर्षं थांबलीस, आता एवढी काय घाई? त्यात वाईट काही नव्हतं. ती आर्किटेक्ट आहे, समजूतदार आहे, पुढे काही बोलली नाही. दोन आठवड्यांनी शिकागोला गेली. या दोन गोष्टींचा संबंध नाही.

शनिवार, १० मे. सकाळी ९.४०. देवदत्तकडे.
दार सुवर्णानेच उघडलं. केस कापलेत. "छान दिसतेस" म्हणायचं विमानातच ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "बॅग भरलीस का?" तिने विचारलं, कसली बॅग. मी म्हटलं, गंमत केली. कोणी हसलं नाही.
नेत्राने पोहे केले होते. तिची नऊ वर्षांची रुही घास चावत माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, आर यू हिअर टू टेक मावशी बॅक? मॉम सेड यू विल ट्राय."
देवदत्त चहा करायला उठला. त्याच्यासमोर अर्धा कप होता.
मी रिलॅक्स. मनगटावरचं घड्याळ पल्स १०४ दाखवतंय. जुनं झालंय.

दुपारी १२.१०. बोटीत.
नदीतून बोटीची टूर, दोन्ही काठांना उंच इमारती. सुवर्णाचा आग्रह. मला ऊन लागतं, पण बोललो नाही. फक्त दोनदा टोपी विचारली.
गाइड माइकवर बोलत होती आणि सुवर्णा हळूच नेत्राला जास्तीचं सांगत होती. एक इमारत खाली अगदी निमुळती, वर रुंद. तिच्या पायाशी रेल्वेचे रूळ आहेत, म्हणून टेकायला जागाच तेवढी मिळाली, म्हणाली. पुढच्या बाकावरचं एक म्हातारं जोडपं मागे वळून तिचंच ऐकायला लागलं. बाईंनी विचारलं, तू आर्किटेक्ट आहेस का?
"येस," सुवर्णा म्हणाली.
एवढंच. इतकी वर्षं कोणी विचारलं की ती "आय वॉज" म्हणायची. मी त्यांना सांगितलं की सनीव्हेलला आमचीही बाल्कनी बरीच रुंद आहे. जोडपं पुन्हा नदीकडे बघायला लागलं.

दुपारी ३. डेव्हन ॲव्हेन्यू.
इथल्या देशी बाजारात जेवायला आलो. पार्किंगसाठी देवदत्तने चार चकरा मारल्या. मी विषय काढला नाही. फक्त म्हटलं की उद्याची फ्लाइट साडेअकराची आहे, सीट चौदा ए आणि बी. देवदत्तने ब्रेक दाबला. पार्किंग काही दिसत नव्हतं.
जेवण झाल्यावर तो आणि नेत्रा रुहीला घेऊन समोरच्या दुकानात जिलबी आणायला गेले. मुद्दाम गेले असं नाही. जिलबी तिथे खरंच चांगली मिळते.
सुवर्णाने पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. "चारू, मला नोकरी लागलीय. दोन जूनपासून. आणि मी जागा घेतलीय भाड्याने."
मी विचारलं, कधीपर्यंत.
"तू ऐकत नाहीयेस. मी इथे थोडे दिवस आलेली नाही. मी इथे राहतेय."
रागावलीस का, मी विचारलं. ती म्हणाली, नाही. राग दोन वर्षांपूर्वी होता. तेव्हा तू विचारलं नाहीस.
आवाज शांत होता. म्हणजे अजून सगळं हातात आहे. चिडली असती तर काळजी होती.

सायंकाळी ५.४५.
तिने जागा दाखवली. तिसरा मजला, एकच खोली, खिडकीशी मोठं टेबल, त्यावर ट्रेसिंग पेपर. खुर्ची एक. मी विचारलं, दुसरी कधी घेणार. म्हणाली, लागली की.
हे मला आशादायक वाटलं. नाही असं ती म्हणाली नाही.
कागदावर एक जिना होता. कशाचा, ते विचारायचं राहिलं.

रविवार, ११ मे. एअरपोर्ट.
सुवर्णा आली नाही. रात्री नीट झोपली नसेल. देवदत्तने सोडलं. उतरताना त्याने मला मिठी मारली आणि "काळजी घे यार" म्हणाला. वीस वर्षांत त्याने मला मिठी मारली नव्हती. मग माझा बेल्ट स्कॅनरमध्येच राहिला आणि गेटपर्यंत पँट धरून चाललो. बाकी प्रवास उत्तम.
तिला महिनाभरात तिथली थंडी आठवेल आणि ती परतेल. जून असला तरी.

मंगळवार, १३ मे. सनीव्हेल, दुपारी १.
सुवर्णाचा मेसेज आला होता: माझी पत्रं या पत्त्यावर वळवशील का, सोबत फॉर्म पाठवतेय. लंच टाइममध्ये पोस्टात गेलो. एक रकाना तिने रिकामा ठेवला होता. काउंटरवरच्या बाईने विचारलं, पत्ता बदल टेम्पररी की परमनंट?
टेम्पररी, मी ठामपणे सांगितलं.
मग परतीची तारीख लिहा, ती म्हणाली.
मी पेन घेतलं. मागे रांग होती. बाई दोनदा "सर?" म्हणाली.
परमनंटवर खूण केली.