उंबऱ्याखालचं हाड

३ मे, विश्रामबाग
हॉस्पिटलात आलो एकदाचा. खोली झकास. खिडकीतून मी अर्ध्यात सोडलेलं कॉलेज दिसतं, त्याला हात केला. गेल्या वर्षी, जिच्यावर माझा जीव त्या शिवांजलीचं औंधच्या धैर्यशीलशी लग्न ठरलं हे ऐकलं आणि रागात गाडी पुलाच्या कठड्यावर घातली. तेव्हापासून डाव्या खुब्याचं हाड सुकत गेलं. उद्या ते काढून नवा सांधा. व्यायाम घेणाऱ्या श्रद्धाताईंनी विचारलं, बाविसाव्या वर्षी आजोबांचं ऑपरेशन करायला आलास, काठीपण त्यांचीच आणू का? लय हसलो.

५ मे
ऑपरेशन झालं. आईनं डॉक्टरांशी भांडून काढलेलं हाड बरणीत मागून घेतलं. लिंबाएवढं, पिवळट. आमच्या माण तालुक्यात अंगातनं निघालेलं हाड आपल्याच बांधाला पुरतात. न्हाईतर ते जिथं पडंल तिथं पायाला वढून नेतंय, असं आई म्हणाली. तिनं बरणी माझ्या दोस्ताला, जोतिबाला दिली. तो फरशी बसवतो. सध्या काम धैर्यशीलच्याच दारात. मी हळूच सांगितलं, बांध सोड, त्याच्या उंबऱ्याखाली पूर. जन्मभर मी त्याच्या दारात बसणार. खुळा झालास का गड्या, म्हणाला. पण घेऊन गेला.

८ मे
वॉकर धरून दारापर्यंत चाललो. डावा पाय माझ्याआधीच उचलतो. श्रद्धाताईंनी टाच धरली आणि त्यांच्या तोंडावर लाथ बसली. दात तुटला, रक्त भिंतीवर उडालं. मी मारलीच नव्हती! आई म्हणाली, लहानपणापासनं तुझं हेच हाय.

१० मे
जेवून डोळा लागला होता. उठलो तर डाव्या तळव्याला ओलं सिमेंट. मग जोतिबाचा फोन. धैर्यशीलचे वडील हंबीरराव उंबऱ्यात कोसळले, बरगड्या मोडल्या. छातीवर पायाचा वळ. जवळ कुणीच नव्हतं.
बापाऐवजी पोरगा सापडायला हवा होता, असं मनात आलं.

१२ मे
लग्न पुढं ढकललेलं नाही. आज त्यांच्या गड्याचा गुडघा फुटला, उंबरा ओलांडतानाच.
म्हणजे पाय माणूस बघत नाही. जो ओलांडेल त्याला –
आणि परवा शिवांजली तांदळाचं माप लवंडून त्याच दारातून आत जाणार. आईला सगळं सांगितलं. तिनं थोबाडीत दिली आणि रडत बसली.

१३ मे
जोतिबानं फरशी उकरली. बरणी फुटलेली. हाड नाही.
शिवांजलीला फोन केला. त्या दारातनं जाऊ नको म्हटलं. अजून तुझं तेच चाललंय का, म्हणाली. ठेवला. आता लागत नाही.

१४ मे
पाय खाटेला बांधून घेतलाय. आईचं लुगडं, वर माझा पट्टा. आई मांडीवर बसलीय. तरी हलतोय – टाके उसवले – चादर लाल –

तळव्याला तांदूळ चिकटलेत. ओले, कुंकवाचे.
आई म्हणाली, आली रं ती दारात.

पट्टा तुटला. आई खाली पडली, उठत नाही –
टाचेत हिरवी काच घुसलीय, बांगडीची. तळव्याखाली काहीतरी मऊ –
शिवा, माघारी फिर – अगं माघा