आमच्या कॉलेजला उन्हाळी लागली

२ एप्रिल
आजपासून रोजनिशी. मोठ्या जबाबदारीच्या माणसाने ती लिहावी आणि कालपासून मी मोठ्या जबाबदारीवर आहे. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून समाज-भागीदारी विभाग माझ्याकडे दिला. उन्हाळी वर्ग भरवायचे, त्यांचं बातमीपत्र काढायचं आणि मेअखेर गावातले तीन धंदेवाले कॉलेजचे भागीदार करून दाखवायचे. जमलं तर विभाग कायमचा माझा. नाही जमलं तर जूनपासून पुन्हा सकाळी सातचा अकाउंट्सचा वर्ग.
तो वर्ग मी इतकी वर्षं घेतोय की मुलं झोपायला कुठल्या कुशीवर वळतात हेही मला पाठ आहे. दोष माझा नाही, विषयच थंड आहे.
तीन भागीदार म्हणजे डाव्या हातचा मळ.

५ एप्रिल
बायकोला सांगितलं, यापुढे घरी यायला उशीर होईल. ती बरं म्हणाली. आवाजात आनंद होता. अभिमानाचा असणार.
संकल्प: भागीदाराच्या दारात चहा नाही, पाणी नाही. घोटभर पाणी घेतलं की माणूस याचक होतो. बोलणं बरोबरीच्या नात्याने झालं पाहिजे.

८ एप्रिल
बेकरीपासून सुरुवात. भागीदारी म्हटल्याबरोबर मालकाने खुर्ची पुसून दिली. मी समाज, तरुण पिढी, परस्पर सहकार्य यावर भरपूर बोललो. त्याने माना डोलावल्या. शेवटी विचारलं, भांडवल किती घालताय. मी म्हटलं, पैशाचा इथे संबंधच नाही. मग त्याला खुर्ची दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी लागली.
माणसाला दूरदृष्टी नाही. ब्रेडही शिळा असतो त्याचा.

११ एप्रिल
टायरवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि गाडी कुठे लावलीय ते विचारलं. लॉन्ड्रीच्या मावशींनी कराराचा कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, इस्त्री करून परत दिला. सही नाही. पण कागद आता फार छान दिसतो.
ऊन कडक. घसा कोरडा. संकल्प शाबूत.

१४ एप्रिल
चूक कळली. दारोदार फिरणं हे सेल्समनचं काम. आधी हवा तयार करायची, मग भागीदार आपल्या पायाने येतात. सगळी भिस्त बातमीपत्रावर.
नाव सुचलं: ‘उन्हाळी’. सुटसुटीत. मथळाही एकटाकी झाला: ‘आमच्या कॉलेजला उन्हाळी लागली!’ म्हणजे उन्हाळी वर्गांचा मोसम लागला. खाली मजकूर: ‘दोन वर्षं दबून राहिलेली आमची उन्हाळी यंदा जोरात आहे. वयाची अट नाही. संकोच सोडा, मोकळे व्हा, लगेच फोन करा.’
भाषा अंगात असावी लागते.

१५ एप्रिल
बायकोला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. माझ्या लिखाणाने तिला इतका आनंद पहिल्यांदाच झाला. असंच छापणार का, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, कानामात्रा बदलणार नाही.

१७ एप्रिल
छापखान्यातून फोन. मथळा नक्की हाच का? त्याला म्हटलं, हाच, आणि टाइप मोठा घ्या. तो म्हणाला, जबाबदारी तुमची. अर्थातच माझी.

२१ एप्रिल
अंक घरोघर गेला. दुपारपासून रिसेप्शनच्या बाईंचा फोन खाली ठेवला जात नाही. उन्हाळी वर्गांना असा प्रतिसाद कधीच नव्हता. बाई मात्र माझ्याकडे बघत नाहीत. मत्सर.

२२ एप्रिल
रिसेप्शनच्या बाई केबिनमध्ये आल्या, दार लावून घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलल्या. फोन कोर्ससाठी नाहीत. चौकशी तब्येतीची आहे. कॉलेजातलं पाणी खराब आहे का, हे पसरतं का, पालकांनी मुलांना पाठवावं का. एका आजोबांनी स्वतःचा अनुभव सविस्तर सांगितला, तो बाईंनी अर्ध्यावर थांबवला.
घरी येऊन बायकोला विचारलं. उन्हात पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ होते, त्याला उन्हाळी लागणं म्हणतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, “अहो, कानामात्रा बदलणार नाही म्हणालात ना?”
सासऱ्यांचा फोन. तुम्हाला स्वतःला आहे की फक्त कॉलेजला, असं विचारत होते.

२३ एप्रिल
प्राचार्यांपुढे उभा. त्यांनी अंक टेबलावर पालथा घातला. मी श्लेष अलंकाराबद्दल सांगायला लागलो. त्यांनी अकाउंट्सच्या वर्गाचं टाइमटेबल काढलं. मी थांबलो.

२९ एप्रिल
पराभव मान्य नाही. पुन्हा दारोदार. सलूनमध्ये मला पाहून दोघांनी खुर्ची बदलली. बेकरीवाल्याने आपण होऊन पाणी पुढे केलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “घ्या सर, तुम्हाला गरज आहे.” घेतलं नाही. संकल्प म्हणजे संकल्प.

९ मे
आजची घटना सुवर्णाक्षरांची. चौकातल्या पॅथॉलॉजी लॅबचे मालक स्वतः कॉलेजात आले. म्हणाले, एवढी जनजागृती आम्हाला दहा वर्षांत जमली नाही. कॉलेजात एक दिवस मोफत लघवी तपासणी ठेवू या. भागीदार म्हणून सही करायला तयार!
सही झाली. लॅबवाल्यांनी खास पेन आणलं होतं. हे सगळं मनात योजूनच मी तो मथळा दिला होता, असं प्राचार्यांना सांगितलं. आता मलाही ते बरंचसं खरं वाटतं.

१८ मे
दुसऱ्या भागीदारासाठी भर दुपारी औषधांचं दुकान. दुकानदार जेवायला गेला होता. पायरीवर वाट पाहिली. आला नाही.
संध्याकाळपासून जरा बरं वाटत नाही. इथे तपशील लिहीत नाही.

१९ मे
तपशील बायकोला कळला. हसली नाही. बार्लीचं पाणी करून उशाशी ठेवलं. हसली असती तर बरं वाटलं असतं.

३१ मे
तपासणीचा दिवस. रांग गेटपासून जिन्यापर्यंत. कॉलेजात एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मी त्या रांगेत मधोमध. मुख्य संयोजक म्हणून नाही. तेरा दिवस उलटले तरी उतार नव्हता, आणि बायकोने सकाळी दाराला आतून कडी लावून बजावलं होतं की तपासून घेतल्याशिवाय घरी यायचं नाही.
टेबलाशी लॅबच्या मुलीने त्रास विचारला. मी हळूच मूत्रदाह म्हटलं. तिला कळेना. पुन्हा म्हटलं. मागच्या आजोबांनी तिला मोठ्याने मराठीत समजावलं. मग ते सगळ्या रांगेला समजलं.
तेवढ्यात प्राचार्य आले. चेहरा खुललेला. म्हणाले, तीन भागीदारांची अट गेली खड्ड्यात, हे तिन्हींच्या वरताण झालं. विभाग कायमचा तुमचा, दर उन्हाळ्यात हाच कार्यक्रम, जाहिरातीत तुमचा फोटो. हस्तांदोलनाला हात पुढे केला. माझ्या हातात लॅबच्या मुलीने नमुन्यासाठी दिलेली रिकामी बाटली होती, ती त्यांना दिसली. त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.
दर उन्हाळ्यात. फोटो. मी अंदाज केला, निवृत्तीला अजून किती उन्हाळे आहेत. मग सगळी लाज सोडून म्हणालो, “सर, मला सातचा अकाउंट्सचा वर्गच द्या.”
प्राचार्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाले, तो गेल्याच आठवड्यात नव्या बाईंना दिला. परवा चाचणीचा तास झाला त्यांचा. मुलं शेवटपर्यंत जागी होती म्हणे.
मी बाटली घेऊन सांगितलेल्या दिशेने गेलो.